सोन्याआधीचा ओलावा

किंत्सुगी शिकायला बसलेल्या माणसाच्या हाती आधी येतात दोन साध्या वस्तू: झाडाचा चीक आणि गव्हाचं पीठ. सोन्याची पाळी अगदी शेवटी.

'किन' म्हणजे सोनं, 'त्सुगी' म्हणजे सांधणं. फुटलेली चिनी मातीची भांडी सांधायची ही जपानी कला आपल्या लक्षात राहते ती सोनेरी रेघांमुळे. पण तुकडे धरून ठेवतो तो उरुशी, झाडाच्या खोडाला चरे पाडून गोळा केलेला चीक. कच्चा असताना अंगाला लागला तर पुरळ उठतं, म्हणून हातमोजे घालायचे. पाण्यात मळलेल्या पिठात हा चीक घालून तार सुटेपर्यंत घोटायचा, फुटक्या कडांना पातळसा लावायचा आणि तुकडे जुळवायचे.

मग भांडं ओलसर पेटीत ठेवायचं. हा चीक कोरड्या हवेत कितीतरी दिवस चिकटच राहतो. त्याला घट्ट व्हायला उबदार दमटपणा लागतो, साधारण ७० ते ८५ टक्के आर्द्रता. सांधा धरला की उडालेले टवके चिकात कालवलेल्या मातीच्या पुडीने भरायचे, घासायचे, पुन्हा पेटीत ठेवायचं. असे आठवडे, कधी महिने जातात. शेवटी लाल उरुशीची बारीक रेघ ओढायची आणि ती जरा चिकट असतानाच तिच्यावर रेशमाच्या बोळ्याने सोन्याची पूड अलगद टेकवायची.

आपण मात्र सोनं घेऊनच धावतो. कुणाचं माणूस गेलं, कुणाचा संसार मोडला, की लगेच म्हणतो, 'यातूनही काही चांगलंच होईल बघ.' आपल्या मनात कळकळ असते, शब्दही खोटे नसतात. पण आतला सांधा अजून धरलेला नसतो आणि वरचं सोनं त्याला पेलवत नाही. त्या दिवसांत उपयोगी पडतो तो न विचारता आणून दिलेला जेवणाचा डबा, संध्याकाळी शेजारी गप्प बसून राहिलेलं कुणीतरी, तीच हकिगत दहाव्यांदा ऐकणारे कान.

मायेला आपल्या भाषेत ओलावा म्हणतात. त्या पेटीतही भांड्याला तोच मिळत असतो. आज कुणी मोडलेलं भेटलं तर आधी तेवढा देऊ या. सोनेरी रेघ ज्याची त्याला, त्याच्या वेळेला ओढू दे.