जवाच्या पांच भाकरी

शास्त्रपाठ : योहान ६ : १–१३

पांच हजारांना जेवूं घातल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. परंतु त्या भाकरी जवाच्या होत्या, हें एकटा योहानच सांगतो. वल्हांडण जवळ आला होता, हेंही तो त्याच ठिकाणीं सांगतो. पॅलेस्टाईन देशांत वल्हांडणाच्या सुमारास जव पिकतो; गहूं त्यामागून येतो. जव हें त्या देशांत गरिबाचें अन्न होतें, आणि शलमोन राजाच्या घोड्यांसही तोच दाणा मिळत असे, हें राजांच्या पहिल्या पुस्तकावरून दिसतें. मासळी तर गालील सरोवराच्या कांठच्या लोकांची नित्याचीच. फिलिप्प विकतच्या भाकरींचा हिशेब करीत होता. अंद्रियास त्या मुलाची शिदोरी सांगतांना संकोच वाटलेला दिसतो. प्रभूनें मात्र जें होतें तें हातीं घेतलें, उपकारस्तुति केली आणि तेंच वाढलें.

अंद्रियाचा तो संकोच आमच्या मंडळ्यांत अजून आहे, आणि तो वाढविण्यास आम्ही उपदेशक लोक कांहीं अंशीं कारण झालों आहों. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही नगरकडच्या एका खेड्यांत फेरीवर गेलों होतों. घरांत नवी बाजरी येऊन पडली होती, शेतांत हरभऱ्याचा कोवळा पाला खुडण्याजोगा झाला होता, आणि चुलीपाशीं भाकरींची चवड होती. आम्ही आंत शिरतांच घरच्या बाईनें त्या चवडीवर टोपलें पालथें घातलें. आमच्यापुढें आल्या त्या गव्हाच्या पोळ्या, दुकानची शेव, बिस्किटांचा पुडा आणि चिरलेलें सफरचंद. आम्हीं प्रार्थना केली व जेवलों. पीठ आणि तेल उधारीवर आणलें होतें, हें आम्हांस परतीच्या वाटेवर कळलें. भाकर मागण्यास आमचें तोंड कां उघडलें नाहीं? सत्य सांगावयाचें तर आम्हांसही पोळीच बरी वाटली.

त्या बाईस आम्ही दोष देत नाहीं. ज्यांच्या आजोबांना वेशीबाहेर राहून दुसऱ्याच्या घरचे शिळे तुकडे पदरांत घ्यावे लागले, त्यांच्या नातवंडांना पाहुण्यापुढें उत्तम तेंच ठेवावेंसें वाटतें. ही मानाची भूक आहे, आणि ती वाईट नव्हे. पण तो तुकडा दुसऱ्याच्या ओसरीवरचा होता. ही भाकर तिनें स्वतःच्या हातांनीं पेरलेल्या, खुरपलेल्या व मळलेल्या बाजरीची होती. ती झांकून ठेवण्याजोगी कशी झाली?

पेरणी व कापणी बंद पडणार नाहींत असें वचन देवानें जलप्रलयानंतर नोहास दिलें. तें वचन आमच्या मुरमाड माळावर कसें पाळलें जातें, तें पाहा. मृगाचा पाऊस पडला कीं थोड्याच दिवसांत बांधावर तांदुळजा, घोळ, कुरडू, पाथरी उगवूं लागतात. त्या कोणी पेरल्या नाहींत, त्यांस दाम पडत नाहीं, आणि अंगांत रक्त होण्यास जें लोह लागतें तें तांदुळज्यांत आहे. आषाढांतली बाजरी आश्विनांत हातीं येते. तिला थोडा पाऊस पुरतो. थंडींत ती तिळाबरोबर खावी, हें आमच्या आज्यांना कोणा डॉक्टरानें शिकविलें नव्हतें. पौषांत बोरें आणि हुरडा, माघ-फाल्गुनांत शाळू, मग चिंच, कैरी, आणि चैत्राच्या उन्हांत ज्वारीची आंबील. शेतकऱ्यास त्याची रीत देवच शिकवितो असें यशया अठ्ठाविसाव्या अध्यायांत म्हणतो, तें आम्हांस अक्षरशः खरें वाटतें. उलट, पालेभाजी खुडल्यावर जितके दिवस वाटेंत राहील, तितकें तिच्यांतील ‘क’ जीवनसत्त्व कमी होत जातें.

भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे या कधीं शाळेंत गेल्या नाहींत. पण त्यांनीं गांवठी वाणांचें बीं जपलें, आणि २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जें बीं आम्हीं उंदरांवर सोडून दिलें, त्याचा दिल्लींत मान झाला!

आतां हंगामाच्या उपासनेविषयीं. अनुवादाच्या २६ व्या अध्यायांत टोपलींत आपल्याच भूमीचें प्रथमफळ घालून परमेश्वरापुढें ठेवावें, अशी आज्ञा आहे. हल्लीं कित्येक ठिकाणीं त्या दिवशीं वेदीपुढें शहरांतून आणलेलीं सफरचंदें व बिस्किटांचे पुडे मांडलेले दिसतात, आणि लिलावांत त्यांनाच जास्त बोली लागते. सफरचंद हेंही देवाचेंच दान. पण तें काश्मीर व हिमाचलाच्या शेतकऱ्याचें प्रथमफळ आहे, तुमचें नव्हे. तुमची मटकी, तुमचा हुलगा, बांधावरचा दुध्या भोपळा कोठें आहे?

मात्र याचा कोणीं नियमशास्त्र बनवूं नये. अन्नावरून भावानें भावाचा न्याय करूं नये, असें पौल रोमकरांस चौदाव्या अध्यायांत बजावतो. १९७२ च्या दुष्काळांत मिलो ही तांबडी ज्वारी परदेशांतून आली, आणि सुकडीबरोबर तिनें पुष्कळांस जगविलें. ती खाणाऱ्यांनीं पाप केलें असें कोण म्हणेल? आजाऱ्यानें डॉक्टर सांगेल तें खावें. ज्यांना जमीन नाहीं त्यांस विकतच घ्यावें लागतें. त्यांना आमची इतकीच विनंति आहे : आठवड्याच्या बाजारांत गांवचीच बहीण मेथीच्या जुड्या घेऊन बसली असतां तिच्याशीं दोन रुपयांकरितां घासाघीस करूं नका. पुड्यावर छापलेली किंमत तुम्ही दुकानांत मुकाट्यानें देतच असतां.

उपदेशक बंधूंनो, तुम्ही ज्या घरीं उतराल तेथें आधीं निरोप पाठवा, कीं चुलीवर असेल तेंच वाढावें. आम्हीं त्या घरीं तसा निरोप धाडला. उलट निरोप आला, “भाकर आहे, पण कोरड्यास हुलग्याचेंच माडगें आहे. चालेल का?” पुढच्या शनिवारीं आम्ही येतों, म्हणून कळविलें आहे.