झाकणाआड जळणारा दिवा

शास्त्रपाठ : यहोशवा, अध्याय ७

रात्री सुस्थितीत उभी केलेली मोटार सकाळी किल्ली फिरवताच मुकी राहते. बॅटरी चार्ज करून आणावी, तर चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. अशा वेळी जाणता वायरमन नवी बॅटरी घेण्याची घाई करू देत नाही. करंट कोठे जातो, हे तो आधी शोधतो.

गणित साधे आहे. बंद गाडीतही घड्याळासारख्या वस्तूंना थोडी वीज लागतेच. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च सामान्यतः स्वाभाविक मानतात. परंतु डिकीतला ५ वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर तो सुमारे ०.४ अँपिअर ओढतो. दिवसाकाठी हे जवळजवळ १० अँपिअर-तास झाले. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांच्या आत रिती होते. आणि झाकण बंद असल्यामुळे मालकाला तो दिवा दिसतच नाही.

आपल्यापैकी कित्येकांचे आत्मिक जीवन असेच चालले आहे. संजीवन सभेतून आपण भरून घरी येतो. आठवडा उलटण्यापूर्वी प्रार्थनेस उठवत नाही, शास्त्र उघडावेसे वाटत नाही. मग आपण पुढच्या सभेच्या तारखेची वाट पाहू लागतो.

यरीहोच्या विजयानंतर इस्राएलाची हीच दशा झाली. आय हे लहानसे नगर. तेथे सुमारे ३,००० पुरुष गेले आणि पळत सुटले. ३६ जण मारले गेले. यहोशवा वस्त्रे फाडून संध्याकाळपर्यंत कोशापुढे पालथा पडून राहिला. तरी परमेश्वराने त्याला उठावयास सांगितले. छावणीत काही दडवलेले होते. ते बाहेर काढल्यावाचून नवे बळ टिकणार नव्हते.

तो शोध कसा झाला, हे ध्यानात घ्या. प्रथम वंश पुढे आले, त्यांत यहूदा धरला गेला; मग कुळांत जेरहाचे, घराण्यांत जब्दीचे, आणि शेवटी पुरुषांत आखान. वायरमनची रीतही हीच. तो बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून मध्ये अँमीटर जोडतो आणि एकेक फ्यूज काढून पाहतो. ज्या फ्यूजसरशी आकडा खाली येतो, त्या वाटेवर दोष आहे असे समजून तेथील एकेक वस्तू तपासतो. आपण मात्र “प्रभो, मी पापी आहे” असे मोघम म्हणून गुडघ्यांवरून उठतो. मोघम कबुलीने कोणताच दिवा विझत नाही. म्हणून जीवनाचा एकेक विभाग प्रभूपुढे ठेवा. वाटणीवरून सख्ख्या भावाशी बोलणे बंद आहे काय? मंडळीच्या कमिटीत दुसऱ्याला मिळालेले पद मनात सलते आहे काय? उसने घेतलेले पैसे परत करायचे राहिले आहेत काय? ज्या प्रश्नापाशी मन चटकन दुसरीकडे वळते, तेथेच थांबा.

ही मोजणी शांततेतच होते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर वीज पुरवीत राहतो आणि गळती झाकली जाते. गाडी बंद करून, दारे लावून थांबावे लागते. हल्लीच्या गाड्यांतील यंत्रणा निवण्यास अर्धा तास किंवा अधिकही लागतो. सेवेच्या धावपळीतही आपण असेच उजळलेले दिसतो. चौथे स्तोत्र म्हणूनच बिछान्यावर स्तब्ध राहून अंतःकरणाशी बोलावयास सांगते. तरीही आपला शोध अपुराच पडतो. १३९ व्या स्तोत्राच्या शेवटी स्तोत्रकर्ता आपले अंतःकरण पारखण्याची विनंती देवालाच करतो. तेथील ‘हाकर’ हे इब्री क्रियापद ईयोबाच्या २८ व्या अध्यायात खाणीच्या अंधारात धातू शोधणाऱ्यासाठी योजले आहे. इतक्या खोलवर देवाने उतरावे, अशी ती प्रार्थना आहे.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक थकवा म्हणजे पाप नव्हे. एलीया झुडपाखाली मरण मागत असता देवदूताने त्याला भाकर व पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. आजार, शोक वा वार्धक्य यांनी खचलेल्यांना आखानाची गोष्ट ऐकवू नका. त्यांना भाकर द्या, विसावा द्या.

परंतु ज्याला आपला दिवा ठाऊक आहे, त्याने भिऊ नये. आखानाचा शेवट ज्या अखोर खोऱ्यात झाला, तेच खोरे आशेचे द्वार होईल, असे अभिवचन होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ते द्वार ख्रिस्ताने वधस्तंभावर उघडले. पाप कबूल करणाऱ्याला क्षमा करण्यास तो विश्वसनीय आहे, अशी योहानाची साक्ष आहे. मात्र कबुलीला पाय हवेत. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा, हे प्रभूचेच सांगणे आहे. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले.

पुढच्या सभेची वाट पाहू नका. ज्या भावाचे नाव हे वाचताना तुमच्या मनात आले, त्याच्याकडे आजच जा. दूर असेल तर त्याला फोन करा. तो तोडून बोलला, तरी तुम्ही मृदूपणे बोला.

हे प्रभो, आमच्या अंतरातील बंद झाकणे तू उघड, आणि जे सापडेल ते तुझ्या हाती देण्याचे धैर्य आम्हांस दे. आमेन.