आमच्या खुनात रहस्य नसतं

रहस्यकथेला एक मेलेला माणूस लागतो. तो पहिल्या पानावर मरतो आणि पुढची सगळी पानं त्याची कुणाला आठवण नसते. सगळे धावतात ते खुन्याच्या मागं. खुनी कोण? सवाल एवढा एकच. तो सुटला की पुस्तक मिटायचं, दिवा मालवायचा आणि झोपायचं. जग परत ठीकठाक.

बाबुराव अर्नाळकरांनी अशा हजारावर कथा लिहिल्या. पाळी सुटल्यावर अंग आंबलेल्या माणसाला झुंजार नाहीतर काळापहाड वाचून घटकाभर बरं वाटत असेल, तर त्याला नावं ठेवणारा मी कोण? गोष्ट खोटी आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्यालाही ठाऊक. माझं भांडण त्या गोष्टीशी नाही. खऱ्या खुनाची गोष्ट करून विकणाऱ्यांशी आहे. आधी साप्ताहिकं होती, मग टीव्ही आला, आता कानात वायर घालून भाकरी भाजता भाजता ऐकायच्या खूनकथा आल्या. दोस्तांनो, खऱ्या माणसाच्या मरणाची करमणूक करावी का, हा नीतीचा सवाल आहेच. पण त्याच्या आधीचा एक सवाल आहे. कुणाचं मरण बातमीच्या लायकीचं, आणि कुणाचं नाही, हे ठरवतो कोण?

रामन राघवचं घ्या. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या माणसांची डोकी फुटत होती. ऑगस्टमध्ये तो पकडला गेला. एक्केचाळीस खून त्यानं कबूल केले. पोलिसांपुढं तोंड उघडण्याआधी त्यानं कोंबडीचं जेवण मागितलं, डोक्याला तेल मागितलं, हे आजही लोकांना पाठ आहे. त्याच्यावर १९९१ साली सिनेमा निघाला. २०१६ साली त्याचं नाव घेऊन आणखी एक निघाला. बरं, आता मेलेल्यांपैकी एकाचं नाव सांगा. एकाचं! ते कुठल्या गावाहून आले होते, कुठं राबत होते, उघड्यावर का झोपत होते? खुन्याला चेहरा मिळाला, मेलेल्यांना आकडा मिळाला. खुनी वेडा होता म्हणून सांगतात. असेल. पण लाखो माणसांना दाराशिवाय झोपायला लावणारं शहर शहाणं होतं काय? हा सवाल कुठल्याच खूनकथेत येत नाही. कारण त्याचं उत्तर एका माणसाला बेड्या घालून संपत नाही.

दुसरं उदाहरण नोएडाचं. मे २००८. एक शाळकरी मुलगी घरात मेलेली सापडली. घरातला नेपाळी नोकर दिसत नव्हता. संशय लगेच त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर त्याचंही प्रेत सापडलं. गरीब माणूस मेलेला असतानासुद्धा दिवसभर खुनी असू शकतो, तो असा. पुढं चॅनेलांनी ते प्रकरण कित्येक महिने चालवलं, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते मुख्यतः मुलीचं. आपल्याला हे नवं नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. पारध्याच्या पालावर रात्री पडणारी पोलिसाची बॅटरी अजून गेलेली नाही.

आता खैरलांजीकडं या. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे, चौघांना गावानं मारलं. वाड्यात नाही, अंधाऱ्या बोळात नाही, गावात. कोण होते, सगळ्यांना माहीत. कारण काय, तेही माहीत. शेतातून रस्ता काढायचा वाद होता आणि एका मारहाणीच्या प्रकरणात त्या बाईनं साक्ष दिली होती. महार बाई ताठ उभी राहून साक्ष देते, हे सोसवलं नाही. आणि छापून काय आलं? आधी नुसतं चार ओळींत, आणि त्यातही ‘अनैतिक संबंधा’चा वास. नोव्हेंबरात आपली माणसं रस्त्यावर आली तेव्हा कुठं मोठ्या पेपरांना जाग आली.

का नाही आली आधी? नुसता जातीचा आकस म्हणून सोडून देऊ नका, जरा खोल जा. आमच्या खुनात रहस्य नसतं. तिथं हेर लागत नाही, भिंग लागत नाही. खुनी चावडीवर बसलेला असतो. ‘कोण’ हा सवालच नसल्यामुळं त्यांच्या दुकानात हा माल खपत नाही. ‘का’ विचारावं तर बोट गावाकडं जातं, आणि गावातून ते वाचणाऱ्याच्या घरापर्यंत पोचतं. रहस्यकथा वाचणाऱ्याला सांगते, खुनी सापडला, तू निर्दोष. आमची हकीकत त्याला असा दाखला देत नाही.

कोर्टानं तरी ‘का’ विचारलं का? २००८ साली सत्र न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली नाही. २०१० साली नागपूर खंडपीठानंही कारण सूडाचं धरलं, जातीचं नाही. म्हणजे खुनी सापडले, गुन्हा हरवला!

आपल्यातलेच काही म्हणतात, “अरे बाबा, रंगवून सांगितल्याबिगर ऐकतंय कोण? त्यांच्या पद्धतीनं सांग, रक्त दाखव, मग बघ गर्दी.” मला हा मार्ग पटत नाही. रंगवून सांगायचं तर कशात रंग भरणार? आपल्या बहिणीच्या उघड्या देहातच ना? जिला गावानं चौकात आणलं, तिला आपण पुन्हा छापून चौकात आणायचं? गर्दी जमेल. पण ती बघ्यांची गर्दी. बघे त्या दिवशी गावातही होतेच.

मग गप्प बसायचं? तेही नाही. २०२२ साली देशात अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे सरकारदरबारी नोंदले गेले. ठाण्यातून हाकलून दिलेले यात नाहीत. एवढ्यांना कुठला चॅनेल पुरणार? आपणच लिहायचं. पण कारकुनासारखं चोख लिहायचं. मेलेला माणूस जगत कसा होता ते आधी. जमीन किती, मजुरी किती, पाणी कुठलं. भांडण कधी सुरू झालं. फिर्याद किती वाजता घेतली, कलमं कुठली लावली, कुठली गाळली, जामीन कुणी दिला. बाबासाहेबांनी १९२० साली मूकनायक काढला तो मुक्यांना वाचा द्यायला, बघ्यांची करमणूक करायला नव्हे.

असं लिहिलेलं चवीनं वाचलं जाणार नाही. वाचणाऱ्याचा घास अडेल. अडू दे. पण खटला उभा राहील तेव्हा वकिलाच्या हातात तेच कागद असतील, आणि त्यावर मेलेल्याचं नाव पहिल्या ओळीत असेल.

जय भीम.