परदेशी सेवा आणि पाहुण्याचा धर्म

सुटीच्या दिवसांत पंधरवड्यासाठी परदेशी जावे, तेथील एखाद्या गरीब वस्तीत शाळेची भिंत बांधावी, मुलांना गाणी शिकवावीत, औषधे वाटावीत आणि परत यावे, ही प्रथा युरोप-अमेरिकेतील धर्मग्रामांत कित्येक दशकांपासून रुळली आहे. आता आपले तरुणही तसा विचार बोलून दाखवू लागले आहेत. आमच्या तरुण मंडळापुढे असाच एक प्रस्ताव आला: वर्षभर पैसे जमवून दहा-बारा जणांनी पूर्व आफ्रिकेतील एखाद्या मिशन केंद्रावर दोन आठवडे सेवेला जावे. काही पालकांना याचा अभिमान वाटला, काहींनी विचारले, "फादर, एवढ्या विमानभाड्यात इथे किती काम होईल?" प्रश्न खर्चाचा आहेच, परंतु त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याचे भले करण्याची माझी इच्छा शुद्ध असली, तर तेवढ्यावर मला त्याच्या दारात उभे राहण्याचा अधिकार मिळतो काय?

पालकांची शंका हलकी नाही. मालेगावात भिंत बांधायची तर गवंडी मिळतो. तसा तो तेथेही मिळतो. आपण विमानाने जाऊन बांधलेली भिंत त्याच्या हातून अधिक सरळ उभी राहिली असती आणि त्याच्या घरची चूलही पेटली असती. त्याहून गंभीर गोष्ट मुलांची. अनाथ लेकराला दोन आठवडे कडेवर घ्यायचे, त्याच्यासोबत छायाचित्रे काढायची आणि निघून जायचे. आपल्याकडे आठवणी उरतात, त्याच्या वाट्याला आणखी एक ताटातूट येते. मेक्सिकोत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना १९६८ साली ईव्हान इलिच यांनी अत्यंत कठोर शब्दांत सुनावले होते. या धर्मगुरूचे म्हणणे थोडक्यात असे होते की, पाहायला या, शिकायला या. पण मदत करण्याचा आव आणून येऊ नका.

मात्र एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होणे मला उचित वाटत नाही. प्रभू येशूने सांगितलेला शोमरोनी आठवा. तो परका होता आणि वाटसरू होता. जखमी माणसाजवळ तो एक रात्र थांबला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने निघून गेला. मुक्काम अल्प होता म्हणून त्याची दया खोटी ठरली नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९० सालच्या 'रिडेम्प्टोरिस मिस्सिओ' या विश्वपत्रात मिशन केंद्रांना भेट देण्यास, विशेषतः तरुणांनी तेथे सेवेसाठी जाण्यास, उत्तेजनच दिले आहे. तेव्हा दोष अल्प मुदतीचा नव्हे. शोमरोन्याने जाताना काय केले ते पाहावे. त्याने जखमी माणसाला तेथेच राहणाऱ्या उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती सोपवले, खर्चाची तजवीज केली आणि परत येण्याचे वचन दिले. काम पुढे चालवणारा स्थानिक माणूस आणि पाळायचे वचन, या दोन गोष्टींनी त्याची एक रात्र पूर्ण झाली.

लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय याच्याही पुढे जातो. प्रभू आपल्या शिष्यांना गावोगाव पाठवतो, तेव्हा थैली, झोळी, वहाणा काहीही बरोबर घेऊ देत नाही. ज्या घरी स्वागत होईल तेथेच राहावे आणि पुढे वाढले जाईल ते खावे, अशी आज्ञा करतो. प्रभूच्या मनात असते तर तो त्यांना भरल्या हातांनी पाठवू शकला असता. त्याने त्यांना रिकाम्या हातांनी पाठवले, म्हणजेच यजमानाच्या अन्नावर अवलंबून राहणारे पाहुणे केले. जो घेऊ शकत नाही, त्याच्या देण्यात अहंकार शिरायला वेळ लागत नाही. आपल्या सामानाच्या पेट्या औषधांनी आणि कपड्यांनी ओसंडत असतात. पण त्या घरची भाकर खाण्याची, त्यांच्याकडून दोन शब्द शिकण्याची जागा त्या पेट्यांत आपण ठेवलेली असते काय?

या प्रश्नाचा एक विलक्षण धडा आपल्या नाशिक जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अँग्लिकन बंधूंच्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसवले. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे आणली जात. ती तेथे शिकली, सुतारकाम-लोहारकामात तयार झाली. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे १८६४ साली मोंबासाजवळील रबाई येथे मिशनच्या मदतीस गेले. १८७५ साली मोंबासाशेजारी मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन ही वसाहत उभी राहिली, तेव्हा तिच्या पायाभरणीतही नाशिकच्या या मंडळींचे हात होते. ज्या भूमीतून त्यांना बालपणी ओढून नेले होते, तिच्याच सेवेला ते परतले. काहींना तेथील भाषा नव्याने शिकाव्या लागल्या. जोन्स आणि सेमलर यांना डीकनपदाची दीक्षा मिळाली ती १८८५ साली. म्हणजे एकवीस वर्षे ते तेथे राबत होते.

नाशिकला शिकलेला जेकब वेनराईट हा त्यांचाच बंधू. डॉ. लिव्हिंग्स्टन यांचा १ मे १८७३ रोजी आफ्रिकेच्या अंतर्भागात मृत्यू झाला, तेव्हा तेथे पुरलेल्या त्यांच्या हृदयावर प्रार्थना म्हटली ती या तरुणाने. मग सुसी, चुमा, वेनराईट आणि त्यांच्या सोबत्यांनी ते शव हजाराहून अधिक मैल वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणले. फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयो येथे आपल्याच कॅथलिक मिशनच्या आश्रयास ते विसावले. शोधप्रवासाचा मान लिव्हिंग्स्टन यांच्या नावे राहिला; पण तो प्रवास ज्यांच्या खांद्यांवर घडला, त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? सेवेला जाणाऱ्या प्रत्येक गटाने हे ध्यानात ठेवावे. आपण जेथे जाऊ तेथे ओझे वाहणारे खांदे आपल्या आधीपासून असतात आणि आपण परतल्यावरही तेच असणार असतात.

आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांचे उदाहरण तर घरचेच. जपानमध्ये त्यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली, तेथील भाषा आत्मसात केली. पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर होऊन १५९३ साली ते पुन्हा जपानला गेले ते दुभाषी म्हणून, दुसऱ्यांच्या वाणीला आपली वाणी देण्यासाठी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रूसावर मरण आले. आपल्या भूमीत आलेल्यांतही हाच कस दिसतो. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले १६१६ साली. मधली सदतीस वर्षे येथील माणसांची भाषा ऐकण्यात गेली. विसाव्या शतकात स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कोरडवाहू भागात पाणलोट विकासाचे काम उभे केले. पैसा परदेशातून येत होता. तरीही गावाने श्रमदान केले पाहिजे, मोकाट चराई आणि वृक्षतोड स्वतः थांबवली पाहिजे, अशा अटी होत्या. त्यामुळे काम गावाचे झाले.

आता आपल्या दाराशी येऊ. मालेगावच्या मधून मोसम नदी वाहते. तिच्या पलीकडे हजारो यंत्रमाग रात्रंदिवस चालतात. त्यांच्या खडखडाटात उभे राहून दिवस काढणाऱ्या कामगाराचे घर आपल्यापैकी किती तरुणांनी आतून पाहिले आहे? त्याच्या घरी चहाचा एक पेला कितींनी घेतला आहे? समुद्र ओलांडण्याआधी हा पूल ओलांडला पाहिजे, असे मला वाटते. जवळच्याला टाळून दूरच्यावर प्रेम करणे सोपे असते; कारण दूरचा माणूस सोमवारी सकाळी पुन्हा आपल्या वाटेत येत नाही.

म्हणून तरुण मंडळाला मी 'जाऊ नका' असे सांगितलेले नाही. तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणा, एवढेच सांगितले आहे. तेथील धर्मग्रामाने आपल्याला बोलावले आहे की आपणच आपले आमंत्रण लिहिले आहे? आपण परतल्यावर ते काम कोण करणार, आणि त्याच्याशी आपले नाते किती वर्षांचे राहणार? तिसरा प्रश्न असा की, त्यांच्याकडून आपण काय घेऊन येणार? पहिल्या दोहोंची उत्तरे पत्रव्यवहाराने मिळतील. तिसऱ्याची तयारी मात्र येथेच, पुलापलीकडच्या एखाद्या घरात बसून करावी लागेल. ती झाली, तर विमानभाड्याचा खर्च पालकांपुढे मांडताना आपल्याला संकोच वाटणार नाही. ती होत नसेल, तर ते पैसे तेथील गवंड्याच्या मजुरीसाठी पाठवून द्यावेत आणि आपण आणखी एक वर्ष शेजाऱ्याचे पाहुणे व्हायला शिकावे. त्यातही प्रेषितकार्य आहेच.