पोटातला सैतान

ख्रिस्ती धर्मपरंपरेत सात महापापं सांगितली आहेत. गर्व, लोभ, मत्सर, क्रोध, वासना, आळस इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. ही पापं शेजारीपाजारी रोज पाहायला मिळतात. पण त्याच पंगतीला खादाडपणाही बसलेला पाहून जीव हळहळला. दोन जिलब्या जास्त खाल्ल्या म्हणून थेट महापापी?

१५८९ साली पीटर बिन्सफेल्ड नावाच्या जर्मन धर्मपंडिताने तर या सात पापांवर सात सैतान नेमले. खातेवाटपच म्हणा ना! गर्वाचं खातं ल्युसिफरकडे, लोभाचं मॅमनकडे आणि खादाडपणाचं बेलझेबबकडे. बेलझेबब म्हणजे माश्यांचा स्वामी. मिठाईच्या दुकानात उभं राहिलेल्या कुणालाही ही नेमणूक पटावी.

पण खरी गंमत पुढेच आहे. पोप ग्रेगरींनी सहाव्या शतकाच्या अखेरीस खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणं, उंची पदार्थ खाणं, चोचले पुरवून घेऊन खाणं, अधाशासारखं खाणं आणि जास्त खाणं. म्हणजे जास्त खाणं हा पाचातला फक्त एक! माझ्या ओळखीचे एक सडपातळ गृहस्थ पंगतीत अर्धीच पोळी घेतात. पण ती तव्यावरून थेट पानात हवी म्हणून वाढप्याला तीनदा पिटाळतात. या हिशेबाने तेही बेलझेबबच्या खात्यात जमा. ग्रेगरी दाखला देतात तो एसावचा. त्याने थोरलेपणाचा हक्क विकला तो काही पक्वान्नासाठी नाही, मसुरीच्या डाळीसाठी. उलट एलीया मांस खाऊनही निर्दोष राहिला. दोष पदार्थाचा नसतो, हावेचा असतो.

बरं, उपास करणारा तरी सुटला का? चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या साधूने लिहून ठेवलंय की खादाडपणाचा विचार उपाशी साधूला आधी त्याच्या तब्येतीची काळजी लावतो. जठराचं काय होईल, यकृत बिघडेल, दुखणं लांबेल, आणि या रानात वैद्य कुठून आणायचा? म्हणजे हा सैतान लाडू घेऊन येत नाही, डॉक्टर होऊन येतो! वाटीभर भात काट्यावर तोलून खाणारी मंडळी पाहिली, की मला हा साधू आठवतो. भात कमी झाला हे खरं. पण चित्त अष्टौप्रहर भातापाशीच.

मग संयम म्हणजे तरी काय? याचं उत्तर मला जॉन कॅसियनच्या आठवणीत सापडलं. तोही त्या काळी इजिप्तच्या साधूंना भेटायला गेला होता. एका वृद्ध साधूने त्याला आग्रहाने वाढलं. कॅसियन म्हणाला, आता पुरे. त्यावर म्हातारा म्हणाला, आज सहा वेळा पाहुण्यांसाठी पान मांडलं, प्रत्येकाबरोबर बसून खाल्लं, तरी मला अजून भूक आहे. आणि तुम्ही पहिल्याच जेवणाला हात आखडता? प्रत्येकाला सोबत करायची, पण स्वतःचं पोट भरू द्यायचं नाही, आणि पाहुण्याला उपाशी उठू द्यायचं नाही.

मला वाटतं, संयमी माणसाची खूण त्याच्या पानावर सापडत नाही. शेजारच्याच्या पानात काय संपलंय हे ज्याला दिसतं, तो संयमी. पोटाने तेवढी सवड द्यायला हवी.

मात्र म्हाताऱ्याचा दाखला देऊन कुणी रोज सहा पाहुणे गोळा करू नयेत. बेलझेबब इतकाही भोळा नाही.