प्रेक्षकांचे प्रासाद

डेट्रॉइट शहरात ज्या जागी हेन्री फोर्डने १८९६ साली आपली पहिली मोटारगाडी सिद्ध केली, त्याच जागी १९२६ साली मिशिगन थिएटर नावाचे चार हजारांवर आसनांचे चित्रपटगृह उभे राहिले. आणि पुढे अर्धशतकाने, लगतच्या कचेऱ्यांतील भाडेकरूंना गाड्या ठेवण्यास जागा हवी म्हणून, त्याच चित्रपटगृहाची आसने व सज्जे उखडून आत वाहनतळाचे तीन मजले बांधण्यात आले. वास्तू समूळ जमीनदोस्त झाली नाही, याचे कारण तिच्या सौंदर्याविषयी कोणाच्या मनात उपजलेली आस्था हे नव्हे. ती पाडल्यास तिला जोडून असलेल्या बहुमजली इमारतीस धोका पोहोचेल, एवढेच ते कारण होते. म्हणून आजही तेथे गिलाव्याच्या भग्न नक्षीखाली मोटारी उभ्या असतात.

हे थिएटर रचणारे रॅप बंधू शिकागोचे. त्यांना आश्रय देणाऱ्या बालाबान आणि कॅट्झ या पेढीने १९१७ साली शिकागोच्या सेंट्रल पार्क थिएटरात यंत्राने थंड केलेली हवा खेळवली, आणि ज्या उन्हाळ्यात नाट्यगृहे ओस पडत, त्याच उन्हाळ्यात लोक त्यांच्या दारी रांगा लावू लागले. संगमरवरी जिने, झुंबरे, अदबीने वाट दाखवणारे गणवेशधारी सेवक, या साऱ्याची तजवीज जमाखर्चाच्या वहीत आधी झालेली असे. वास्तुशिल्पी जॉन एबरसनने तर छतावरील नक्षीचा भार टाकून देऊन तेथे निळ्या गिलाव्याचे आकाशच निर्माण केले. त्यात लहान दिव्यांचे तारे चमकत, यंत्रातून सोडलेले ढग सरकत, आणि हे सर्व नक्षीदार घुमटापेक्षा स्वस्त पडे. या वैभवास कृत्रिम म्हणून नाक मुरडणारे रसिक तेव्हाही होते, आजही आहेत. मला त्यांचे म्हणणे मान्य नाही. ज्या शिवणकाम करणाऱ्या मुलीस किंवा गिरणीतील मजुरास ऑपेरागृहाची पायरी चढण्याचा योग आयुष्यात येणार नव्हता, त्यांच्यासाठी अल्प मोलात राजसदनाची द्वारे उघडावीत, ही कल्पना नफ्याच्या लोभातून जन्मली असली तरी तिचे फळ सच्चे होते.

मात्र ही द्वारे सर्वांना सारखी उघडी नव्हती, हेही तितक्याच स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय प्रेक्षकास वेगळ्या दाराने वरच्या सज्जात जावे लागे. अटलांटाचे भव्य फॉक्स थिएटरही त्यास अपवाद नव्हते. जुनी चित्रपटगृहे जतन करणाऱ्यांनी रंगमंचाच्या कमानीबरोबर त्या वेगळ्या दाराचा इतिहासही जतन करावयास हवा.

ज्या हिशेबाने हे प्रासाद उभारले, त्याच हिशेबाने ते पाडले. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात दिलेल्या निकालामुळे चित्रपट निर्माण करणाऱ्या बड्या कंपन्यांना आपल्या चित्रपटगृहांची मालकी सोडावी लागली. मक्तेदारी मोडणारा तो निकाल न्याय्यच होता. परंतु हजारो आसनांचा खर्च ज्या एकत्रित उत्पन्नावर चालत असे, ते उत्पन्न त्याने विभागले गेले. त्यातच दूरचित्रवाणी घरोघर आली आणि मध्यमवर्ग शहराचा गाभा सोडून उपनगरांकडे गेला. न्यूयॉर्कचे रॉक्सी, सुमारे सहा हजार आसनांचे, १९२७ साली ग्लोरिया स्वान्सनच्या चित्रपटाने सुरू झाले होते. १९६० साली ते पाडले जात असता तीच अभिनेत्री त्याच्या ढिगाऱ्यात उभी राहिली, आणि ते छायाचित्र जगभर गेले. छायाचित्राने रॉक्सी वाचले नाही.

वाचले ते अटलांटाचे फॉक्स, आणि त्याची कथा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. श्रायनर नावाच्या बंधुमंडळाने आपल्या सभागृहासाठी ही वास्तू घुमट-मिनारांनिशी योजिली. पैसा अपुरा पडला तेव्हा चित्रपटव्यवसायी विल्यम फॉक्सशी करार झाला, १९२९ च्या नाताळात पडदा उघडला, आणि मंदीच्या तडाख्यात तीन वर्षांच्या आतच तो पुन्हा पडला. थिएटर पुढे सावरले खरे. परंतु १९७०-८० च्या दशकात एका दूरध्वनी कंपनीला आपल्या मुख्य कचेरीसाठी हीच जागा हवी झाली, तेव्हा नागरिकांनी आरडाओरड करून न थांबता विश्वस्त संस्था स्थापिली, कंपनीला शेजारची जमीन मिळेल अशी योजना आखली, कर्ज काढले आणि १९७८ साली ते मुदतीपूर्वी फेडून टाकले. कंपनीची इमारत झाली, थिएटरही राहिले. भावनेला दस्तऐवजाचे बळ मिळाले म्हणून हे घडले, असे मला वाटते.

आपल्या मुंबईचाही या परंपरेशी साक्षात संबंध आहे. धोबीतलावच्या मेट्रो चित्रपटगृहाचा आराखडा न्यूयॉर्कच्या थॉमस लॅम्बचा. ज्या लॅम्बचे सॅन फ्रान्सिस्कोतील फॉक्स १९६३ साली पाडले गेले, त्याचेच हे काम. मेट्रो १९३८ साली उघडले. पुढे त्याचे एकसंध सभागृह अनेक पडद्यांत विभागले गेले, पण वास्तू टिकली.

शिकागोच्या अपटाउन थिएटराचे मात्र काय होणार, हा प्रश्न अजून उभाच आहे. ४,३८१ आसनांचे हे रॅप बंधूंचे १९२५ सालचे काम १९८१ पासून बंद आहे. बंद पडल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात उष्णता पुरवणारी यंत्रणा थंडावली, नळांतील पाणी गोठून नळ फुटले, आणि ते पाणी गिलाव्यात मुरले. गिलाव्याला माणसाच्या हातोड्यापेक्षा पाण्याचे भय अधिक. पुढे १९९१ साली शहराने या वास्तूस संरक्षित दर्जा दिला; त्या दर्जाने पाडण्याची मनाई होते, पण छप्पर गळायचे थांबत नाही आणि तळघरात शेगडी पेटत नाही. ब्रुकलिनचे किंग्ज थिएटर १९७७ साली बंद पडले, थकलेल्या करापोटी शहराच्या ताब्यात आले, आणि २०१५ साली पुन्हा उघडले तेव्हा त्यावर सुमारे साडेनऊ कोटी डॉलर खर्ची पडले होते. मधल्या वर्षांत आत शिरलेल्या पाण्याने केलेली हानीही त्या खर्चातून भरून काढावी लागली. म्हणून संरक्षणाच्या फर्मानाबरोबरच रिकाम्या वर्षांत छप्पर शाबूत व भिंती उबदार ठेवण्यापुरता निधी नगरपालिकेने बाजूला काढावा, आणि थकबाकीदार मालकाकडून तो कराप्रमाणे वसूल करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.