किल्ली कोणाची?

विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याची सत्ता कोठवर चालावी? आयफोन २००७ सालीं अमेरिकेंत विक्रीस आला, तेव्हांपासून हा प्रश्न तेथें उभा आहे. निर्मात्याच्या संमतीवांचून कोणतीही आज्ञावली चालूं नये म्हणून ह्या यंत्रास आंतून कुलूप असतें. तें काढण्यास ‘जेलब्रेक’, म्हणजे तुरुंग फोडणें, असें नांव पडलें. १९९८ च्या कायद्याखालीं हा अपराध ठरेल असें भय होतें. २०१० सालीं तेथील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालांनीं अपवाद म्हणून मुभा दिली. तिचाही दर तीन वर्षांनीं पुनर्विचार होतो!

निर्माता म्हणतो, कुलूप तुमच्याच रक्षणासाठीं आहे. हें सर्वस्वी खोटें नव्हे. कुलूप निघालें म्हणजे चोरासही वाट मिळते. परंतु पाल्य वयांत आला म्हणजे पालकाची सत्ता संपते. हें पालकत्व मात्र संपतच नाहीं. चूक करण्याची मोकळीक ज्यास नाहीं, त्याचें स्वामित्व नांवाचेंच.

तथापि माझ्या यंत्रांत माझींच गुपितें नसतात. मित्रांचीं पत्रें, आप्तांचीं छायाचित्रें तेथें विश्वासानें ठेविलेलीं असतात. माझ्या धाडसाची किंमत त्यांनीं कां द्यावी? म्हणून किल्ली मालकाच्याच हातीं असावी. पण ती फिरविण्यापूर्वीं आपण दुसऱ्यांच्या ठेवीचे विश्वस्तही आहों, हें त्यानें स्मरावें.